गोष्ट एकाची, शंका सगळ्यांच्या

आठवी-नववीच्या कोणत्याही वर्गात अशी दोन-चार मुले सापडतातच. हॉगवर्ट्सच्या चारही हाउसची नावे त्यांना पाठ असतात. आयर्न मॅनच्या चिलखताला ऊर्जा कुठून मिळते, यावर ती मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वाद घालतात. एकाने नारळीकरांची गोष्ट वाचलेली असते, दुसऱ्याने परग्रहावरचा एखादा सिनेमा पाहिलेला असतो आणि दोघांनाही ते तिसऱ्याला सांगितल्यावाचून चैन पडत नाही. मग घंटा होते. विज्ञानाचा तास सुरू होतो. धडा असतो गुरुत्वाकर्षणाचा. ‘कुणाला काही शंका?’ असे बाई विचारतात आणि वर्ग गप्प बसतो. पाच मिनिटांपूर्वी, चंद्रावर फेकलेला चेंडू किती उंच जाईल यावर ज्यांनी आवाज चढवला होता, तीही मुले गप्प.

या वेडाकडे आपण शिक्षक बहुधा दोन प्रकारे पाहतो. काही जण त्याला अभ्यासातला अडथळा मानतात, काही जण कौतुकाने हसून पुढचे पान उलटतात. आम्हांला मात्र वाटते की मधल्या सुट्टीतल्या त्या वादात विज्ञानाचेच काम चाललेले असते. एखादी कल्पना ऐकायची, क्षणभर ती खरी मानून तिचे परिणाम काढायचे आणि कुठे अडते ते सोबत्याला दाखवायचे, हेच ते काम. ते तासात आणता आले नाही तर मुलाच्या मनात दोन विज्ञाने तयार होतात, एक मार्कांचे आणि एक मजेचे. दोघांची गाठ पुढे क्वचितच पडते.

विज्ञानकथेच्या वेड्यांनी एकत्र येऊन काय काय केले, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो आधी पाहू या आणि मग आपल्या शाळेत काय करता येईल त्याकडे वळू या.

पत्त्यासकट छापलेली पत्रे

एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले हे इंग्रजीतले पहिले मासिक. त्यात वाचकांची पत्रे छापली जात आणि पत्राखाली वाचकाचा पूर्ण पत्ताही असे. या साध्या गोष्टीचा परिणाम मोठा झाला. आपल्यासारखाच वेडा कोणत्या गावात राहतो ते कळल्यावर वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले. एकाच शहरातले वाचक भेटू लागले, त्यांची मंडळे निघाली आणि मंडळांनी आपापली हौशी पत्रके काढली.

अशाच हौशी पत्रकांपैकी एक क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल या शाळकरी मुलाने काढले. चित्रे काढायला त्याचा शाळासोबती जो शुस्टर होता. जानेवारी १९३३ च्या अंकात त्यांनी अफाट शक्ती मिळालेल्या एका माणसाची गोष्ट घातली. त्या कल्पनेत बदल करत करत दोघांनी १९३८ मध्ये जगापुढे आणला तो सुपरमॅन. आपल्या वर्गातल्या सुपरमॅनच्या चाहत्यांना हे जरूर सांगावे, की त्यांचा नायक शाळेतल्या दोन चाहत्यांच्याच डोक्यातून निघाला.

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले. ‘जागतिक’ हा शब्द मोठा होता, माणसे होती सुमारे २००. युद्धकाळातला खंड सोडला तर हे संमेलन भरत आलेले आहे. १९५३ पासून तिथे दिले जाणारे पुरस्कार गर्न्सबॅक यांच्या नावाने ‘ह्यूगो’ म्हणून ओळखले जातात.

इंग्लंडमध्ये १९३३ साली ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी स्थापन झाली. विज्ञानकथेचे वाचक आणि अग्निबाणाची स्वप्ने पाहणारे हौशी लोक तिथे एकत्र आले. आर्थर क्लार्क त्यांच्यातलेच. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेले उपग्रह पृथ्वीवरून स्थिर दिसतील आणि तीन उपग्रहांनी जगभर संदेश पाठवता येतील, ही मांडणी त्यांनी १९४५ मध्ये केली. आपले इन्सॅट उपग्रह याच कक्षेत ठेवले गेले.

भारतात या प्रकारचे संघटित वेड प्रथम दिसते ते कोलकात्यात. अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथांचे बंगाली मासिक काढले आणि १९६६ मध्ये तिथे विज्ञानपटांसाठी एक सिने क्लब सुरू झाला. त्याचे अध्यक्ष होते सत्यजित राय. प्राध्यापक शोंकूच्या विज्ञानकथा लिहिणारे राय स्वतःही या वेड्यांपैकीच होते.

मराठीतले वेडे

मराठीत असा क्लब निघाला नाही, पण वेडे मात्र होते. त्यांच्या भेटीची जागा होती मासिके, दिवाळी अंक आणि वाचनालये. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ‘केरळकोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचे रूपांतर क्रमशः येत होते. पुढच्या काळात भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावे उच्चारली तरी आज साठीत असलेल्या अनेक वाचकांचे डोळे चमकतात. फुरसुंगीच्या फास्टर फेणेचे हे जनक व्हर्नचे जबरदस्त चाहते होते. आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याला सांगण्याचा अनुवाद हा एक उत्तम मार्ग आहे, हे त्यांच्या पुस्तकांवरून कळते. ‘नवल’सारख्या मासिकाने अद्भुतकथा, भयकथा आणि विज्ञानकथा यांना एकाच अंकात जागा दिली. नारायण धारपांचा वाचक असाच तयार झाला.

१९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथा स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे उलगडा झाला की ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर होत. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी वाचली की ना. वि. ज. होतात. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये आणि कथा कथा म्हणूनच तपासली जावी, यासाठी ही युक्ती होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रतही पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. नाव झाकून काम तपासायला देणे ही शोधनिबंधांच्या जगातली चांगली रीत आहे. नारळीकरांनी ती कथेलाही लावली.

१९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी नारळीकरांच्या या नव्या लेखनाची दखल घेतली. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे अशा अनेकांनी विज्ञानकथा लिहिली. फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे मराठी कथा बंगाली, तमिळ कथांच्या शेजारी बसल्या. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या कथा वाचून विज्ञानाकडे वळलेली माणसे महाराष्ट्रात गावोगावी भेटतात. त्या कथा पुढच्या मुलांपर्यंत कोण पोचवणार, हा प्रश्न आता आपल्यासमोर आहे.

खेळाचा नियम

विज्ञानकथेचे चाहते एकत्र आले की काय करतात? ते चुका शोधतात. आणि हे ते प्रेमाने करतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एच. जी. वेल्स यांचे म्हणणे असे होते की लेखकाने एका कथेत एकच अशक्य गोष्ट गृहीत धरावी आणि बाकी सारे जग जसेच्या तसे ठेवावे. काहीही घडू शकते असे ठरले की गोष्टीतली गंमत जाते. क्रिकेटमध्ये दर षटकाला नियम बदलले तर सामना पाहण्यात काय अर्थ उरेल? लेखक आणि वाचक यांच्यात हा एक करारच असतो. लेखक म्हणतो, ‘एवढे एक मान्य करा.’ वाचक म्हणतो, ‘केले, पण बाकीचे आम्ही तपासणार.’

हे तपासणे किती कसून होते त्याचे एक उदाहरण घेऊ. अमेरिकन लेखक लॅरी निव्हन यांची ‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी १९७० मध्ये आली. ताऱ्याभोवती बांगडीसारखे फिरणारे एक प्रचंड कडे आणि त्याच्या आतल्या बाजूवर वस्ती, अशी ती कल्पना. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या जागतिक संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी ‘हे कडे अस्थिर आहे!’ अशा घोषणा दिल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते. ग्रह ताऱ्याभोवती स्थिर कक्षेत फिरू शकतो. पण संपूर्ण कड्याचा मध्य ताऱ्यापासून जरासा जरी सरकला, तरी कड्याचा जो भाग ताऱ्याजवळ येतो तो अधिक जोराने ओढला जातो. त्याला मूळ जागी परत नेणारे बलच नसल्याने कडे अखेर ताऱ्यावर आदळेल. निव्हन यांनी पुढच्या कादंबरीत कड्याच्या काठावर त्याला सावरणारी इंजिने बसवली. वाचकांच्या आक्षेपातून नवी कादंबरी निघाली.

तोफ आणि देवगिरी

हाच खेळ आपल्या वर्गात खेळून पाहू. सामग्री घेऊ ज्यूल व्हर्नची, म्हणजेच भागवतांच्या वाचकांच्या ओळखीची. व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीत अमेरिकेतल्या फ्लोरिडात जमिनीत ९०० फूट लांबीची तोफ ओततात आणि तिच्यातून गोळा चंद्राकडे डागतात. गोळ्यात तीन माणसे बसलेली असतात. गोळ्याचा वेग असतो सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. हा आकडा अचूक आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला साधारण एवढाच वेग लागतो. व्हर्नने गणित करून घेतले होते, हे इथे मुलांना सांगावे.

आता शंका. ९०० फूट म्हणजे सुमारे २७४ मीटर. छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना ही लांबी डोळ्यांपुढे आणणे सोपे आहे. दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे. व्हर्नच्या तोफेची नळी त्यापेक्षाही लांब. ही केवढी तरी मोठी झाली! पण या अंतरात गोळ्याला शून्यापासून सेकंदाला ११,००० मीटर वेग गाठायचा आहे. नववीतले समीकरण घ्या: अंतिम वेगाचा वर्ग बरोबर दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर.

११,००० चा वर्ग होतो १२ कोटी १० लाख. त्याला ५४८ ने, म्हणजे अंतराच्या दुपटीने भागले की त्वरण येते सुमारे २ लाख २० हजार मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीचे गुरुत्वत्वरण ९.८. म्हणजे गोळ्यातले त्वरण त्याच्या सुमारे २२,५०० पट! पन्नास किलोच्या मुलाला तोफेत बसल्यावर आपले वजन अकराशे टनांहून जास्त झाल्यासारखे वाटेल. अर्थात ‘वाटायला’ तो उरणारच नाही. नळीतला सारा प्रवास एका सेकंदाच्या विसाव्या भागात संपतो. धक्का कमी व्हावा म्हणून व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला होता, पण एवढ्या मोठ्या त्वरणापुढे त्या पाण्याचे काही चालणार नाही.

मग मुलांना विचारावे, ‘तोफ किती लांब केली तर माणसे जगतील?’ अवकाशयात्री गुरुत्वत्वरणाच्या तिप्पट त्वरण सहन करतात. तेवढेच ठेवायचे तर त्याच समीकरणातून नळीची लांबी येते सुमारे २,००० किलोमीटर. आपल्या शहरातून सरळ उत्तरेकडे नळी टाकली तर श्रीनगरही मागे पडेल. अग्निबाण का लागतो, हे इथे मुलांच्या आपोआप ध्यानात येते. वेग एकदम न देता काही मिनिटे थोडा थोडा देत राहणे, हेच अग्निबाणाचे काम.

याच कथेच्या दुसऱ्या भागात एक आणखी सुरेख जागा आहे. प्रवासात मेलेला कुत्रा प्रवासी बाहेर टाकतात. तो मागे न पडता गोळ्याच्या सोबतच तरंगत राहतो. व्हर्नचे हे वर्णन योग्य आहे. पण गोळ्याच्या आतली माणसे मात्र जमिनीवर चालावे तशी चालतात. पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ जिथे समान होते, तेवढ्याच जागी ती तरंगतात. दोन्ही वर्णने एकत्र खरी असू शकतील का? बाहेरचा कुत्रा ज्या कारणाने गोळ्यासोबत राहतो, त्याच कारणाने आतली माणसेही प्रवासभर तरंगायला हवीत. गोळा, कुत्रा आणि माणसे सारी एकाच त्वरणाने ओढली जात आहेत. व्हर्नची चूक दाखवायला बाहेरचा पुरावा लागत नाही, तो त्याच्याच गोष्टीत आहे. उत्तर न सांगता हा प्रश्न वर्गात टाकावा आणि मुलांना भांडू द्यावे.

रशियातले प्रसिद्ध विज्ञानलेखक याकोव्ह पेरेलमान यांनी ही चूक हेरली होती. १९१४ मध्ये त्यांनी व्हर्नच्या कादंबरीला जोड म्हणून एक प्रकरण स्वतःच लिहिले. वजनच नाही अशा स्वयंपाकघरात न्याहारी करताना काय गोंधळ उडेल, हा त्याचा विषय. चाहत्याने आवडत्या गोष्टीला आपले शेपूट जोडण्याचे हे फार चांगले उदाहरण आहे. आपले विद्यार्थीही असे प्रकरण लिहू शकतील. वजनरहित अवस्थेत पोळी कशी लाटायची?

उजव्या सोंडेचा गणपती

दुसरी कथा घरचीच घेऊ. नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मोबियस पट्टीच्या कल्पनेवर उभी आहे. माणूस अवकाशाच्या एका विलक्षण फेरीतून परततो तो आपल्याच आरशातल्या प्रतिमेसारखा होऊन. मराठी घरात डाव्या-उजव्या सोंडेचा फरक लहान मुलालाही कळतो, म्हणून या कथेतला पुरावा आपल्याला लगेच भिडतो. वेल्स यांनीही १८९६ च्या एका कथेत डाव्याचे उजवे झालेला माणूस रंगवला होता. तीच कल्पना मराठी मातीत कशी रुजली, ते दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहता येते.

प्रयोगाला ट्रेसिंग पेपरची एक फूट लांब आणि दीड इंच रुंद पट्टी पुरते. पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा. आता मध्यरेषेवर पेनाने छोटा ‘ग’ काढा. त्याच्या शेजारी तसाच दुसरा, मग तिसरा, अशी ओळ पुढे नेत चला. अक्षराचे डोके ज्या काठाकडे आहे त्याच काठाकडे ठेवायचे आणि पेन न उचलता पुढे सरकल्यासारखे जायचे. एक फेरी पुरी झाली की तुम्ही पहिल्या ‘ग’पाशी पोचाल, पण कागदाच्या पाठच्या बाजूला. प्रकाशासमोर धरून पाहा. नवा ‘ग’ उलटा दिसेल आणि कागद फिरवून डोके वर आणले तरी तो आरशातला ‘ग’च राहील. पट्टीला जाडी नाही असे मानले तर अक्षर जिथून निघाले तिथेच परत आले आहे, मात्र उलट होऊन.

पुढचा प्रश्न जीवशास्त्राचा. असा उलटा झालेला माणूस आपले जेवण पचवू शकेल का? लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेगळे केले, तेव्हा रेणूंनाही डावे-उजवेपण असते हे पुढे आले. आपल्या शरीरातली प्रथिने डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांची बनतात आणि आपण वापरतो ते ग्लुकोज उजव्या वळणाचे. त्याचा आरशातला जुळा भाऊ चवीला गोड लागतो, पण शरीराला त्यातून ऊर्जा मिळत नाही. म्हणजे परतलेल्या प्रवाशाला ताटभर जेवूनही उपास घडण्याची भीती. एका कथेतून भूमिती, रसायन आणि पचन अशा तीन तासांचे साहित्य निघते.

जादूलाही नियम असतात

काही शिक्षक म्हणतील, विज्ञानकथा ठीक, पण जादूच्या गोष्टींचे काय? मुलांचे खरे प्रेम तर तिकडे आहे. आमच्या मते त्यांनाही बैठकीत जागा द्यावी. चांगली अद्भुतकथाही आपले नियम पाळते. हॅरी पॉटरच्या जगात जादूने शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही. असलेले अन्न मागवता येते, वाढवता येते, पण नसलेले आणता येत नाही. हा नियम अक्षय्यतेच्या नियमाजवळ किती येतो आणि कुठे मोडतो, यावर चर्चा झकास रंगते. ‘वाढवता येते’ म्हणजे वाढीव वस्तुमान कुठून आले? टॉल्किनची अंगठीची महाकथा मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादातून मराठीत आली आहे. त्या जगाला स्वतःचे नकाशे, भाषा आणि कालगणना आहे. भूगोलाच्या शिक्षकांनी तो नकाशा घेऊन नद्या योग्य दिशेने वाहतात का, पर्वतांच्या रांगा तशा वळू शकतील का, हे मुलांकडून तपासून घ्यावे.

या साऱ्याला एक गंभीर बाजूही आहे. कल्पित गोष्ट कल्पित म्हणून वाचण्याचा सराव नसेल, तर ती इतिहास म्हणून गळी उतरते. ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा ग्रंथ प्राचीन विमानविद्येचा पुरावा म्हणून आजही पुढे केला जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची छाननी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला असल्याचे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळाले तेही याच वर्षी. एका ठिकाणी कथा कथा म्हणून समोर आली, दुसऱ्या ठिकाणी दावा दावा म्हणून तपासला गेला. पुष्पक विमानाची गोष्ट रसाने ऐकणारा आणि त्याच वेळी ‘याचे इंधन कोणते?’ असे विचारणारा मुलगा सहसा फसत नाही. त्याला दोन्ही करण्याची सवय लागायला हवी आणि ती सोबतीनेच लागते. एकट्याने वाचताना आवडलेल्या गोष्टीवर शंका घेणे जड जाते. शेजारचा मित्र मात्र ती हमखास घेतो.

शाळेत कसे करावे

महिन्यातून एक तास पुरे. शनिवारची सकाळ सोयीची. दर बैठकीला एका विद्यार्थ्याने आपली आवडती गोष्ट, पुस्तक किंवा सिनेमा दहा मिनिटांत सांगावा. मग सगळ्यांनी मिळून तीन प्रश्न घ्यावेत. लेखकाने कोणती अशक्य गोष्ट गृहीत धरली? ती धरल्यावर बाकीचे नियम त्याने पाळले का? यातले काय आपण आकड्यांनी किंवा प्रयोगाने तपासू शकतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर किंवा बाकावर प्रत्यक्ष काढायचे.

काही पथ्ये पाळावी लागतील. कुणाच्या आवडीची टिंगल होऊ देऊ नये. ज्याने इंग्रजी पुस्तके वाचली त्याचा वरचष्मा होऊ नये, म्हणून गोष्ट मराठीत सांगायची. ज्या मुलांकडे पुस्तकेच नाहीत त्यांना आजीकडून ऐकलेली अद्भुत गोष्टही चालेल, तिलाही तेच तीन प्रश्न लावता येतात. मुलीही या गप्पांत असतात, पण मागच्या बाकावरून बोलत नाहीत, त्यांना पहिली पाळी द्यावी. शिक्षकाला सगळे माहीत असण्याची गरज नाही. आयर्न मॅनबद्दल वर्गातले पाच जण आपल्यापेक्षा जास्त जाणतात आणि ते जाणतात हे त्यांना कळू द्यावे. त्वरणाचे समीकरण कुठे लावायचे, ते मात्र आपण दाखवावे. कडेच्या एखाद्या मुलाला वही देऊन बैठकीतल्या शंका लिहून ठेवायला सांगितले, तर वर्षअखेरीस शाळेचे एक छोटे पत्रक सहज तयार होईल.

मराठवाड्यातल्या शाळांना एक खास सोय आहे. पृथ्वीच्या वाटेवर आलेल्या धूमकेतूवर नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा आहे. ती एका बैठकीत वाचावी आणि मग सहल न्यावी ती संभाजीनगरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या लोणारला. अवकाशातून आलेल्या वस्तूच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. कथेतला धोका काय प्रकारचा आहे, हे काठावर उभे राहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. परतीच्या वाटेवर मुलांना आणखी एक घटना सांगावी. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘नासा’चे ‘डार्ट’ हे यान डिमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. कथेत रंगवलेल्या संकटावर माणसाने केलेली ही पहिली खरी तालीम. डिमॉर्फसची कक्षा बदलली हे पृथ्वीवरून कसे मोजले असेल? हा प्रश्न पुढच्या बैठकीला ठेवावा.

सुरुवातीला खर्च काही नाही. एक गोष्ट, एक फळा, ट्रेसिंग पेपरची पट्टी आणि मधल्या सुट्टीतली ती दोन-चार मुले एवढे जमले, की येत्या शनिवारीच पहिली बैठक घेता येईल.